फिटरच्या घरात न बोलायचा शब्द

माझी नात रेवा पुण्याला हॉस्टेलवर असते. सुट्टीत बारामतीला आली की माझं कपाट उपसायचं, त्यातली एक साडी मला नेसायला लावायची आणि फोटो काढत सुटायचं, हा तिचा उद्योग. गेल्या दिवाळीत मी हिरवी इरकल नेसून बाहेर आले, तशी ही मोबाईल रोखून ओरडली, "आजी, फिट चेक!" मी म्हटलं, "अगं सकाळीच बीपी बघितलंय, फिटच आहे मी." त्यावर बाईसाहेब सोफ्यावर लोळून हसल्या. "फिट म्हणजे आऊटफिट गं. आज काय घातलंय ते दाखवायचं!" मग जवळ येऊन माझ्या खांद्यावरची शिवण चाचपत म्हणाली, "पण खरंच, ब्लाऊजचं फिटिंग काय भारी आहे! कुणी शिवला?" मी म्हटलं, "मंगलआजीनं. दुसरं कोण शिवणार?" एवढं बोलले आणि मला खाली बसावंसं वाटलं. रेवा घाबरली, पाणी घेऊन आली. मी तिला उन्हाचं निमित्त सांगितलं. दिवाळीत कसलं डोंबलाचं ऊन?

मी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात काढली. 'एक शब्द, अनेक अर्थ' हा माझा आवडता तास. फळ्यावर बँक, रिंग, लाईट, मॅच असे शब्द लिहायचे आणि पोरांकडून अर्थ काढून घ्यायचे. पोरं बहकायची, 'लाईट मारतो', 'मॅच फिक्स हाय' असलं काहीबाही सांगायची, मीही हसायचे. एका वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई, फिट बी घ्या की! फिटला लई अर्थ हायत." मी खडू खाली ठेवला आणि तास पाच मिनिटं आधी संपवला. त्या पोराला वाटलं असेल बाई चिडल्या. मी तापट होतेच, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही. पण तो शब्द मी कधीच फळ्यावर लिहिला नाही. का, ते आता लिहून टाकते. हात चालतोय तोवर लिहिलेलं बरं.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. वारं आमच्या बाजूचं असलं की कारखान्याचा भोंगा घरात ऐकू यायचा आणि मळीचा आंबूस वास भाकरीच्या वासात मिसळायचा. अण्णा सायकल दारात लावून आधी रॉकेलनं, मग राखेनं हात घासायचे, तरी नखांतलं ग्रीस काही जायचं नाही. पंचक्रोशीत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. "ओ फिटर, पंप बंद पडलाय", "फिटर, जरा पाईप फिट करून द्या की", अशी दिवसभर हाक. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तो शब्द. दाराची कडी फिट, बोअर दोनशे फीट, नवा सदरा फिट, तालमीतून आलेला गडी एकदम फिट, एखादी गोष्ट डोक्यात फिट, आणि कुणाला कोर्टकचेरीत अडकवलं तर "त्येला बराबर फिट केला." शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंसुद्धा हा शब्द स्वतःच्या शेतातला असल्यासारखा वापरायची.

फक्त आमच्या घरात तो बंद होता. त्याचं कारण माझी थोरली बहीण मंगल. मी तिला अक्का म्हणते. अक्का नऊ वर्षांची असताना एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या कोलमडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. आईनं कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. बैलगाडीत घालून तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, "काही नाही, फिट आहे." आईचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन ती शेजारणींना सांगत सुटली, "डाक्टर म्हनला पोरगी फिट हाय!" तिनं देवापुढं साखर ठेवली. चार दिवसांनी अक्का पुन्हा पडली, तेव्हा आई अण्णांवर कडाडली, "फिट हाय तर अशी का करती ओ? डाक्टर काय खोटं बोलला व्हय?" मग अण्णांनी तिला त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. आई भिंतीला टेकून खाली बसली. देवापुढची ती साखर तिनं वस्तीतल्या बायकांनाही वाटली होती.

त्या दिवसापासून अण्णांनी घरात तो शब्द उच्चारला नाही. अक्काच्या कानावर पडायला नको म्हणून. फिटर माणूस, आणि "सुमे, त्यो नळ बसवायचाय, पाना आन" असं म्हणायचा. फिट करणं नाही, बसवणं. बोअर किती खोल, तर दोनशे फूट. कुणी पाहुणा "पोरी काय म्हंत्यात, फिट हायत ना?" असं विचारू लागला की आई मध्येच "च्या घ्या, च्या" करून कप पुढं करायची. आजाराला आमच्यात नाव नव्हतं. "मंगलला झालं" एवढंच म्हणायचं. झाल्यावर अक्का डोळे उघडायची, चावलेली जीभ ओढणीला पुसायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "कुणी बगितलं का गं?" आणि मी दरवेळी सांगायचे, "कुणी न्हाय." कधी कधी निम्मी वस्ती बघून गेलेली असायची.

तिला एकटं सोडायचं नाही, हे काम माझ्याकडं. कॅनॉलवर धुणं धुवायला ती, तर काठावर मी. ती शेतात, तर बांधावर मी. शाळेची सहल मोरगावला निघाली तेव्हा अक्का जाणार नाही म्हणून मीही घरी. अक्का बिचारी मला चुचकारायला हुलग्याचं माडगं करायची, त्यात गुळाचा खडा चोरून जास्त टाकायची आणि म्हणायची, "पी, आईला सांगू नगं." मी प्यायचे आणि तरी धुसफुसायचे. मला तिचा राग यायचा. तिनं काय केलं होतं माझं? काही नाही. पण यायचा, हे खरं.

इंग्रजीत मी शाळेत पहिली आले म्हणून अण्णांनी मला शब्दकोश आणून दिला होता. निळ्या पुठ्ठ्याचा, खिशाएवढा. पोरं नव्या शब्दकोशात घाण शब्द शोधतात. मी पहिल्यांदा काय शोधलं असेल? फिट. योग्य, जुळणारा, तंदुरुस्त, आणि खाली आकडी, झटका. त्या ओळीवर मी नखानं खूण केली होती. ही खूण लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

अक्का बारावी झाली, मी दहावी. अक्काला मास्तरीण व्हायचं होतं. दोन वर्षं गोळ्या नीट चालू होत्या आणि तिला एकदाही झालं नव्हतं. बारामतीच्या डी.एड.ला तिचा नंबर लागला, पण वस्तीवरून रोज जाऊन येणं शक्य नव्हतं. हॉस्टेल मिळालं तरच शिक्षण, नाहीतर घर. आणि मलाही बारामतीच हवी होती. आमच्याकडं फक्त आर्ट्स, मला सायन्सचं वेड. एका दुपारी अण्णा जेवायला बसले. ताटात बाजरीची भाकरी, घुटं, शेंगदाण्याची चटणी. मी विषय काढला. अण्णांनी घास खाली ठेवला.

"आदी मंगल. तिचं दोन वरसांत हुईल, मग तू."

"मग दोन वर्षं मी काय करू?"

"हितं आर्टला बस. दोगी येकदम गेल्या तर तुज्या आयेला हितं कोण हाय?"

अक्का तव्यापुढून म्हणाली, "सुमे, मी मास्तरीण झाले की तुला न्हेती की बारामतीला. माज्याच खोलीवर रहा." मी ताटावरून उठले. आई म्हणाली, "बगा, नाकावर राग." अण्णा हसले.

हॉस्टेलचा फॉर्म इंग्रजीत होता. तो भरायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझं इंग्रजी आणि माझं अक्षर. अण्णांनी कारखान्याला जाता जाता बजावलं, "सुमे, त्या आजाराचं कुटं काय लिवू नगं. आता बरी हाय ती." मी उंबऱ्यात बसले, मांडीवर पाट, पाटावर फॉर्म. आत अक्का भाकरी थापत होती, थप थप आवाज येत होता. नाव, गाव, वडिलांचा धंदा. तिथं मी 'फिटर' लिहिलं. दुसऱ्या पानावर तब्येतीचा रकाना. आजारांची नावं एकाखाली एक आणि प्रत्येकापुढं येस आणि नो, नको ते खोडायचं. दम्यापुढचा येस मी खोडला. टी.बी.पुढचा येस खोडला. तिसरी ओळ होती 'फिट्स'.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी गोंधळले. पोर होते, मला वाटलं फिट म्हणजे तंदुरुस्त, म्हणून येस ठेवला. घरात बंदी असलेला शब्द, त्याचा अर्थ एखादीला नसेलही कळत. एका शब्दाचे इतके अर्थ असले की माणसाला लपायला जागा बरी मिळते. पण त्या ओळीवर मी नखानं खूण केलेली होती. दम्याच्या आणि टी.बी.च्या खाली कुणी तंदुरुस्ती विचारत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी पेन उचलून धरलं. आत थप थप चालूच होती. माझ्या डोक्यात एवढंच होतं की ही गेली नाही तर मी जाईन. मी 'नो'वर रेघ मारली. सरळ, पट्टी धरून मारल्यासारखी.

मग मी अक्काला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली. "कुटं सही करू?" मी बोटानं जागा दाखवली. म्हटलं, "वाचून घे की." खरंच म्हटलं. तिनं वाचलं असतं तर बरं, असं त्या क्षणी वाटलंही. ती म्हणाली, "तू भरलाय म्हंजी बराबरच असंल," आणि सही केली. तिच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा कागदाच्या कोपऱ्यात उमटला. मी तो फुंकरीनं उडवला.

अण्णा रजा टाकून फॉर्म द्यायला बारामतीला गेले. संध्याकाळी भेळेचा पुडा घेऊन आले ते खुशीतच. खिडकीवरच्या साहेबानं फॉर्म बघितला, मग अण्णांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "मुलगी फिट आहे ना?" अण्णा हे सांगताना अंगणात ताठ उभे राहिले होते. "म्या म्हनलं, व्हय सायेब, फिट हाय! एकदम फिट!" नऊ वर्षांनी आमच्या घरात तो शब्द बोलला गेला. आईनं चमकून अक्काकडं बघितलं. अक्का हसली. म्हणाली, "अण्णा, म्हना की. आता काय न्हाय त्याचं." अण्णांनी मग जेवेपर्यंत दहा वेळा तो म्हटला. भेळ फिट, चहा फिट. मी भेळ खाल्ली नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. इंग्रजीत. सगळे अंगणात बसले आणि मी वाचून अर्थ सांगू लागले. त्यात लिहिलं होतं की अर्जात नमूद केल्याप्रमाणे उमेदवाराला फिट्सचा आजार असल्यानं वसतिगृहात प्रवेश देता येत नाही. मी एवढंच सांगितलं, "अक्काला आजार आहे म्हणून घेता येत नाही म्हणतात." 'अर्जात नमूद केल्याप्रमाणे' मी गाळलं. इंग्रजी वाचणारी घरात मी एकटीच. अक्का थोडंफार वाचू शकली असती, पण ती त्या कागदाकडं बघायलाही तयार नव्हती.

"त्यास्नी कुणी सांगितलं?" आई म्हणाली.

 मग अण्णांचा चेहरा बदलत गेला, तो मी बघितला. ते हळूहळू म्हणाले, "म्या म्हनलो फिट हाय. त्यो समजला, फिट हाय. तसंच लिवलं त्यानं." आणि ताडकन आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत मारून घेतली. एकदा, दोनदा. "नऊ वरसं जिभंवर आला न्हाय त्यो शबूद, आन् नेमका तितं! ह्या तोंडाला आग लागली!" आईनं त्यांचे हात धरले. अक्का उठली. आयुष्यात ती अण्णांना उलटून बोलल्याचं मी एकदाच ऐकलं, ते तेव्हा. "तुमाला कुणी बोलाय सांगितलं हुतं?" ती म्हणाली. "तुमाला काय कळतंय त्यातलं? मुकाट फारम द्यायचा सोडून!" आणि ती आत गेली. अण्णा चोरासारखे उभे. चोर त्यांच्या शेजारी पत्र घडी करत उभा होता.

तेव्हा तोंड उघडायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. पण मी म्हटलं उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. परवा अण्णा म्हणाले, "सुमे, मग आता तूच जा. एक तरी शिकंल." मी गेले. ट्रंक घेऊन बारामतीला उतरले तेव्हा मला आनंद झाला होता, हेही लिहिते. सायन्स मला झेपलं नाही ते नाहीच, शेवटी इंग्रजीच्याच वाटेला गेले. मी मास्तरीण झाले. अक्काला व्हायचं होतं ते मी झाले.

अण्णांनी अक्काला शिलाई मशीन आणून दिलं. स्वतः जोडलं, पट्टा चढवला, तेलपाणी केलं. "बसवलंय बग," म्हणाले. अक्का त्यावर बसली आणि पुढं पंचक्रोशीतल्या बायका म्हणू लागल्या, फिटिंग घ्यावं तर मंगलअक्काचं. लग्न तिनं केलं नाही. तिला पुढं फारसं झालंही नाही. अण्णा मात्र बदलले. वस्तीवर कुणी "ओ फिटर" म्हणून हाक मारली की मान खाली घालून ओ द्यायचे. जाताना त्यांची सेवा मीच केली, महिनाभर रजा काढून. पाय चेपत होते, तेव्हा म्हणाले, "मंगलचं माज्यामुळं ऱ्हायलं गं." मी पाय चेपत राहिले. तेवढंच केलं मी. तोंडात जीभ होती, इंग्रजी-मराठी दोन्ही येत होतं, आणि मी पाय चेपत राहिले.

मराठीतही एक फिटणं आहे. संशय फिटतो, पारणं फिटतं, पांग फिटतात. मला वाटलं, सांगून टाकलं की हेही फिटेल. रेवा पुण्याला परत गेली त्या आठवड्यात मी एस.टी.नं अंथुर्ण्याला गेले. ब्लाऊजपीस घेऊन गेले होते, रिकाम्या हातानं जायला धीर नव्हता. अक्का आता पासष्टीच्या पुढं. गळ्यात टेप, नाकावर चष्मा. "आलीस व्हय? जाड झालीस की गं!" म्हणत तिनं मला उजेडात उभं केलं आणि पाठीवरून टेप फिरवला. मी तिच्याकडं पाठ करूनच सगळं सांगितलं. फॉर्मवरची रेघ, शब्दकोशातली खूण, पत्रातलं गाळलेलं वाक्य. टेप माझ्या पाठीवर थांबला.

"तुला ठावं हुतं? त्या येळंला?"

"हो."

"मुद्दाम केलंस?"

"हो, अक्का."

 मी वळले. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर हाकलून देईल. ती टेप बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "मास्तरकीचं मी कवाच इसरले. माजं मशीन बरं, मी बरी. पर मला कशापायी सांगतीस आता? अण्णास्नी सांगायचं हुतंस." मग टेप सोडून पुन्हा गुंडाळला. "मी बोलले हुते त्यास्नी. तुज्या म्होरं बोलले हुते. मरस्तवर त्या माणसानं माज्याकडं डोळा वर करून बगितलं न्हाय. आन् तू बगत बसलीस."

मी तिचे पाय धरायला वाकले. ती मागं सरकली. "ऊठ. हात वर कर, काखेचं माप ऱ्हायलंय." मी हात वर केला. तिनं माप घेतलं, वहीत टिपलं. मग चुलीपाशी गेली, बाजरीची भाकरी टाकली, माडगं केलं. माझ्या वाटीत नेहमीसारखा गुळाचा खडा जास्त टाकला की नाही, ते मला कळलं नाही. मला चवच लागत नव्हती. एस.टी.पर्यंत ती सोडायला आली, पण त्यावर परत एक अक्षर बोलली नाही.

तीन आठवड्यांनी गावातल्या एका बाईबरोबर ब्लाऊज आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोऱ्यानं बांधलेला, चिठ्ठी नाही. मी दार लावून घातला. मला वाटत होतं, खांद्याला ओढेल, काखेत घट्ट होईल, निदान एखादं बटण चुकीच्या जागी असेल. हात वर केला, खाली केला, पाठ वळवून आरशात बघितलं. मग काढला, उलटा केला आणि चष्मा लावून खिडकीशी शिवण न् शिवण तपासली. मला कुठंतरी रागाचा एक टाका हवा होता. नव्हता.